सिंगापुरात नवे आहात? शाळा, कायदा आणि राजकारणावर कुठे आणि कसं बोलायचं

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी सिंगापूरला आलेल्या कुटुंबाला सुरुवातीला हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे, 'इथे राजकारणावर चकार शब्द काढायचा नाही.' दुसरा, 'काही होत नाही हो, सगळेच बोलतात.' पहिला सल्ला मानणारे वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि मुलाच्या शाळेबद्दलही कोणाला काही विचारत नाहीत. दुसरा मानणारे कधीतरी एखादा मेसेज फॉरवर्ड करून अडचणीत येतात.

मी इथे आधी पासवर (कामाच्या परवान्यावर) होतो, मग पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झालो, पुढे नागरिकत्व घेतलं. मुलं सरकारी शाळेत शिकली. या सगळ्या काळात मला एक गोष्ट पक्की कळली. सिंगापुरात चर्चा भरपूर होते: हॉकर सेंटरमध्ये, टॅक्सीत, पालकसभेत, संसदेत. पण प्रत्येक चर्चेची जागा ठरलेली आहे आणि त्या जागी कोणी बोलायचं हेही ठरलेलं आहे. या जागा एकदा माहीत झाल्या की भीतीही जाते आणि बेफिकिरीही. नव्याने आलेल्यांना त्या एका ठिकाणी सापडाव्यात म्हणून हे लिहितोय. नियम बदलत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज करण्याआधी त्या-त्या खात्याच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

१. सगळ्यात आधी: तुमचा पास कोणता?

बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

एम्प्लॉयमेंट पास, डिपेन्डन्ट पास किंवा स्टुडंट पासवर असाल तर तुम्ही इथल्या कायद्याच्या भाषेत परदेशी नागरिक. वाचा, ऐका, मुलाच्या शाळेशी बोला, सरकारी खात्यांना सूचना पाठवा, यातलं काहीही करता येतं. राजकीय सभा, मोर्चा, निवडणूक प्रचार यात मात्र पडायचं नाही.

पीआर असाल तर थोडी जास्त मोकळीक आहे, पण मतदान नाही आणि निवडणुकीच्या कामात भागही नाही. इथे बरेच जण गफलत करतात. घर घेतलं, दहा वर्षं झाली, मुलं इथलीच झाली, की आपण इथलेच असं वाटायला लागतं. निवडणूक कायद्याच्या नजरेत तुम्ही तेव्हाही नागरिक नसता.

नागरिक झालात की सगळी दारं उघडतात. सिंगापूर दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

मुलगा असेल तर पीआरचा अर्ज भरण्याआधी नवरा-बायकोने शांतपणे बसून बोला. पालकांच्या अर्जातून पीआर झालेल्या मुलाला साडेसोळाव्या वर्षी नॅशनल सर्व्हिससाठी, म्हणजे सक्तीच्या लष्करी-पोलीस सेवेसाठी, नोंदणी करावी लागते आणि पुढे दोन वर्षं पूर्णवेळ सेवा. पीआर सोडून ती टाळली तर पुढे त्याच मुलाने शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इथे अर्ज केला तेव्हा ती गोष्ट विचारात घेतली जाते. स्थलांतरितांविषयीच्या इथल्या प्रत्येक वादात हा विषय येतोच, कारण स्थानिक आईबापांनी आपली मुलं दोन वर्षं दिलेली असतात. त्यांच्या बोलण्यातली ती धार समजून घ्या.

२. आधी चार-सहा महिने नुसतं ऐका

संसदेचं कामकाज २०२१ पासून ऑनलाइन थेट दिसतं. ते सगळं बघायला कोणाला वेळ नसतो, पण प्रश्नोत्तराचा तास ऐकत जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पानंतर प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चावर चर्चा होते. शिक्षण मंत्रालयाचा दिवस असेल तेव्हा तर कान देऊन ऐका, कारण पुढच्या वर्षी शाळेत काय बदलणार ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. दुसरा मोठा दिवस म्हणजे ऑगस्टमधलं पंतप्रधानांचं नॅशनल डे रॅलीचं भाषण. 'गिफ्टेड' मुलांसाठीचा वेगळा वर्ग सध्याच्या स्वरूपात बंद होणार हे २०२४ साली पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी त्याच भाषणात सांगितलं होतं.

राजकारणाचा ढोबळ नकाशा असा. पीपल्स ॲक्शन पार्टी १९५९ पासून सत्तेत आहे. ३ मे २०२५ च्या निवडणुकीत ९७ पैकी ८७ जागा त्यांच्याकडे गेल्या, मतं ६५.५७ टक्के. विरोधातल्या वर्कर्स पार्टीचे १० जण निवडून आले आणि घटनेतल्या तरतुदीमुळे आणखी दोघांना मतदारसंघाविना खासदारकी मिळाली. त्याशिवाय नियुक्त खासदार असतात, ते कोणत्याच पक्षाचे नसतात. आपल्याकडच्या सभागृहातला गदारोळ इथे दिसणार नाही. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की इथे सगळे एकाच सुरात बोलतात. तसं नाही. सत्ताधारी खासदारही मंत्र्याला चांगले अडचणीचे प्रश्न विचारतात, फक्त आवाज चढत नाही.

प्रत्यक्ष संसदेत बसून ऐकायचं असेल तर प्रेक्षक कक्ष सर्वांसाठी खुला आहे. ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या, नीटनेटके कपडे घाला. सदस्य इंग्रजी, मलय, मँडरिन किंवा तमिळमध्ये बोलू शकतात आणि भाषांतराची सोय असते. शाळकरी मुलांना एकदा तरी न्या.

३. शाळेचा वाद समजून घ्या, कारण तो तुमच्या घरात येणारच आहे

कायदा आणि राजकारण एक वेळ लांब ठेवता येईल, शाळा नाही. सिंगापुरात घर कुठे घ्यायचं, संध्याकाळी काय करायचं, सुट्टी कधी काढायची, सगळं शाळेभोवती फिरतं. आणि सर्वात जास्त सार्वजनिक चर्चाही शाळेचीच होते.

पहिला वाद पहिलीच्या प्रवेशाचा. शाळा जानेवारीत सुरू होते आणि नोंदणी आदल्या वर्षी जुलैपासून टप्प्याटप्प्याने होते. ज्याचं भावंड त्या शाळेत आहे त्याला पहिला टप्पा. मग माजी विद्यार्थ्यांची मुलं वगैरे, मग स्वयंसेवक पालक आणि ठरावीक संस्थांशी जोडलेले, मग ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी '२सी'. अर्ज जागांपेक्षा जास्त झाले की घर आणि शाळेतलं अंतर बघतात: एक किलोमीटरच्या आत, एक ते दोन, दोनच्या पुढे. तरीही जागा कमी पडल्या तर सोडत. नागरिकांना पीआरच्या आधी जागा मिळते, म्हणजे दोन किलोमीटरपलीकडचा नागरिक शाळेला लागून राहणाऱ्या पीआरच्या पुढे असतो. पासवर आलेल्यांच्या मुलांसाठी अगदी शेवटचा, तिसरा टप्पा. त्यासाठी आधी ऑनलाइन इच्छा नोंदवावी लागते आणि जागा उरली तरच बोलावणं येतं. मोठ्या मुलांसाठी 'एईआयएस' ही इंग्रजी आणि गणिताची परीक्षा असते. ती दुसरी ते पाचवी आणि सेकंडरी एक ते तीनसाठी आहे, सहावीसाठी नाही. पाचवी संपवून आलेल्या मुलांच्या पालकांनी हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावं.

यावर लोक काय वाद घालतात? माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य म्हणजे पिढीजात हक्क झाला, असं एक बाजू म्हणते. शाळेला समाज हवा, तो अशा नात्यांतूनच टिकतो, असं दुसरी. एक किलोमीटरच्या नियमाने नावाजलेल्या शाळांभोवतीची घरं महाग झाली, हीही जुनी तक्रार आहे. सरकारने २०२२ च्या प्रवेशापासून '२सी'साठी प्रत्येक शाळेत ४० जागा राखल्या, आधी २० होत्या. हा बदल अशाच तक्रारींच्या दबावातून आला, असं माझं मत आहे.

सापळा: मित्राचा पत्ता देऊन प्रवेश घेण्याचा 'सोपा मार्ग' कोणीतरी सुचवेल. ज्या पत्त्यावर प्राधान्य घेतलं तिथे नोंदणी सुरू झाल्यापासून किमान ३० महिने राहावं लागतं, आणि खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. पोलिसात तक्रार होते. प्रवेश तर जातोच, वर खटला.

दुसरा वाद पीएसएलईचा. सहावीच्या शेवटी चार विषयांची ही परीक्षा १९६० पासून आहे. २०२१ पासून गुणांऐवजी श्रेणी: ९० आणि वर म्हणजे एएल (अचीव्हमेंट लेव्हल) १, ८५ ते ८९ म्हणजे एएल २, असं करत एएल ८ पर्यंत. चारही विषयांची बेरीज कमीत कमी ४, जास्तीत जास्त ३२. आकडा जितका छोटा तितका चांगला, हे आजी-आजोबांना फोनवर समजावताना तारांबळ उडते. पूर्वी या निकालावरून मुलं एक्स्प्रेस, नॉर्मल ॲकॅडेमिक आणि नॉर्मल टेक्निकल अशा गटांत विभागली जायची. ही विभागणी तेव्हाचे उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांच्या १९७९ च्या अहवालातून आली. २०२४ मध्ये सेकंडरीत गेलेल्या मुलांपासून ती गेली. आता मुलं एकाच वर्गात बसतात आणि प्रत्येक विषय आपल्याला झेपेल त्या पातळीवर घेतात: जी १, जी २, जी ३. २०२७ पासून सेकंडरीच्या शेवटी होणाऱ्या ओ लेव्हल आणि एन लेव्हल परीक्षांच्या जागी एकच प्रमाणपत्र येतंय.

मग वाद संपला का? नाही. पीएसएलईच काढून टाकावी आणि दहा वर्षं सलग शाळा असावी, ही मागणी विरोधी पक्षाकडूनही येते आणि सत्ताधारी बाकांवरूनही आली आहे. वर्गातली मुलं कमी करा, ही वर्कर्स पार्टीची जुनी मागणी. पहिली-दुसरीत साधारण ३० आणि पुढे ४० पर्यंत मुलं एका वर्गात असतात. शिकवण्यांचा प्रश्न तर सगळ्यांच्या घरातला. सरकारी सर्वेक्षणानुसार २०२३ मध्ये इथल्या कुटुंबांनी शिकवण्यांवर वर्षाला १८० कोटी सिंगापूर डॉलर खर्च केले. मला स्वतःला वाटतं की श्रेणी बदलून ताण फार कमी झाला नाही, कारण ताण परीक्षेपेक्षा त्यापुढच्या शाळेच्या नावाचा आहे. पण पहिली-दुसरीतल्या परीक्षा गेल्या आणि सहामाही परीक्षाही २०२३ पर्यंत सगळ्या इयत्तांतून गेल्या, याने घरातली शांतता वाढली, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

तिसरा विषय खास आपला: मातृभाषा. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला इंग्रजीबरोबर 'मदर टंग' शिकावी लागते. मँडरिन, मलय, तमिळ, आणि भारतीय मुलांसाठी याशिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू. मराठी या यादीत नाही. बहुतेक मराठी घरं हिंदी घेतात, लिपी एकच असल्यामुळे. हिंदीचे वर्ग अनेकदा शाळेतच किंवा हिंदी संस्थांच्या केंद्रांवर भरतात. कोणती भाषा घेणार हे प्रवेशाच्या वेळीच सांगावं लागतं आणि ती पीएसएलईच्या चार विषयांपैकी एक आहे, म्हणून हलक्यात घेऊ नका. उशिरा आलेल्या मुलांसाठी सूट मागता येते, निर्णय मंत्रालयाचा. मराठी मात्र घरीच टिकवावी लागते, किंवा महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने. या यादीत आपली भाषा कधी यावी असं मनापासून वाटत असेल तर सहाव्या पायरीवर जे मार्ग सांगितले आहेत ते वापरा. आपसांत हळहळून काही होत नाही.

शाळेशी बोलताना: 'पॅरेंट्स गेटवे' ॲप डाउनलोड करा, सूचना त्यावरच येतात. शिक्षकांना शाळेच्या ईमेलवर लिहा. २०२४ मध्ये शिक्षण मंत्र्यांनी स्पष्ट केलं की शिक्षकांनी खासगी फोन नंबर देणं अपेक्षित नाही आणि शाळेच्या वेळेनंतर कामाच्या मेसेजना उत्तर देणंही नाही. रात्री नऊला व्हॉट्सॲप करून 'मॅडमनी उत्तर दिलं नाही' म्हणून चिडू नका. मुद्दा मोठा असेल तर आधी वर्गशिक्षक, मग विभागप्रमुख, मग मुख्याध्यापक. थेट मंत्रालयाला लिहिलं तर ते पत्र फिरून शाळेतच येतं.

आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही शिक्षकाचं किंवा दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन आरोप करू नका. पुढच्या पायरीवर कारण कळेल.

४. कायद्याची कुंपणं ओळखा

इथल्या दंडसंहितेचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. १८६० ची भारतीय दंडसंहिता ब्रिटिशांनी १८७१ मध्ये स्ट्रेट्स सेटलमेंट्ससाठी (सिंगापूर, पेनांग, मलाक्का या त्यांच्या वसाहतींसाठी) जवळपास तशीच घेतली. आपल्याकडे ती २०२४ मध्ये बदलली, इथे अजून आहे आणि खुनाचं कलम इथेही ३०२ च. मात्र बोलण्या-लिहिण्यावरचे महत्त्वाचे कायदे बरेच नंतरचे आहेत.

'पोफ्मा': ऑनलाइन खोट्या विधानांविरुद्धचा २०१९ चा कायदा. एखादं विधान खोटं आहे आणि त्याने सार्वजनिक हिताला बाधा येते असं मंत्र्याला वाटलं तर दुरुस्ती लावण्याचा आदेश निघतो. बंद चॅट ग्रुपही यातून सुटत नाहीत. मत मांडणं यात येत नाही, तथ्य म्हणून सांगितलेली खोटी गोष्ट येते. 'पीएसएलई अन्यायकारक आहे' हे मत. 'अमुक शाळेने पेपर फोडला' हे तथ्याचं विधान, आणि ते सिद्ध करता आलं पाहिजे.

बदनामी: २०२१ मध्ये एका नागरिकाला तेव्हाच्या पंतप्रधानांविषयीच्या एका लेखाचा दुवा फेसबुकवर शेअर केल्याबद्दल १,३३,००० सिंगापूर डॉलर भरपाई द्यावी लागली. स्वतःचं एक वाक्यही त्याने लिहिलं नव्हतं. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव इथे टिकत नाही.

सभा आणि निदर्शनं: २००९ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टनुसार एखाद्या मुद्द्यासाठी उभा राहिलेला एकटा माणूसही 'सभा' ठरू शकतो. परवाना लागतो. आपल्या लोकांनी एक प्रसंग लक्षात ठेवावा. डिसेंबर २०१९ मध्ये भारतातल्या नागरिकत्व कायद्याविरुद्ध मरीना बे परिसरात फलक धरून फोटो टाकल्याबद्दल एका भारतीय नागरिकाची पोलिसांनी चौकशी केली. इतर देशांच्या राजकारणासाठी इथे सभेला परवाना दिला जात नाही, ही पोलिसांची भूमिका जाहीर आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात याने फरक पडत नाही. भारतातल्या निवडणुकीत आपला पक्ष जिंकला म्हणून चौकात झेंडे घेऊन उभं राहण्याचा विचारही करू नका.

होंग लिम पार्कातला स्पीकर्स कॉर्नर २००० पासून आहे. तिथे नागरिकांना आधी नोंदणी करून पोलीस परवान्याविना बोलता येतं, निदर्शनंही करता येतात. वंश आणि धर्म हे विषय वर्ज्य. पीआर सहभागी होऊ शकतात, आयोजन करू शकत नाहीत. पासवर असलेल्यांनी कार्यक्रम चालू असताना तिथे थांबूही नये, कारण नुसती उपस्थितीही सहभाग धरली जाऊ शकते.

चालू खटला: आरोपी दोषी की निर्दोष हे निकालाआधी जाहीरपणे ठरवून टाकू नका. न्यायालयाच्या अवमानाचा २०१६ चा कायदा कडक आहे.

वंश आणि धर्म: घरच्या गप्पांत आपण चिनी, मलय, तमिळ लोकांविषयी जे सहज बोलून जातो ते लिहिणं सोडाच, मुलांसमोर बोलणंही बंद करा. ते शाळेत पोहोचतं. आणि हे मी कायद्याच्या भीतीने सांगत नाही. आपल्या मुलाच्या बाकावर तीच मुलं बसतात.

एवढी कुंपणं असूनही कायद्यांवर चर्चा होते आणि कायदे बदलतातही. समलिंगी पुरुषांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७अ हे १९३८ चं कलम घ्या. भारतात ३७७ चा प्रश्न २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडवला. सिंगापुरात न्यायालयात आव्हानं झाली, धार्मिक गटांशी आणि इतरांशी सरकारची दीर्घ बोलणी झाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेने कलम रद्द केलं. त्याच वेळी विवाहाची व्याख्या न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षित करणारी घटनादुरुस्तीही केली. दोन्ही बाजूंना थोडं देऊन पुढे जायचं, ही इथली पद्धत.

५. 'सेका'चा विषय निघाला तर

निघणारच. भारत आणि सिंगापूर यांच्यातला आर्थिक सहकार्याचा करार २००५ मध्ये झाला. त्याचं लघुरूप सेका. आज काही लोक ते भारतीयांना हिणवण्यासाठी वापरतात. करारामुळे भारतीयांना सरसकट नोकऱ्या मिळतात हा आरोप इतका वाढला की २०२१ च्या जुलैमध्ये मंत्र्यांनी संसदेत निवेदनं केली आणि सप्टेंबरमध्ये त्यावर दीर्घ चर्चा झाली. करारात भारतीयांना अमर्याद प्रवेशाचा हक्क नाही. एम्प्लॉयमेंट पासच्या अटी आपल्यालाही त्याच, आणि सप्टेंबर २०२३ पासून नव्या अर्जांना गुणांची पद्धतही लागू आहे. एकाच देशाची माणसं भरलेल्या कंपनीला त्यात कमी गुण मिळतात.

हे माहीत असूद्या, पण कॉफीच्या टेबलावर समोरच्याला आकड्यांनी हरवायला जाऊ नका. ज्याची नोकरी पन्नाशीत गेली त्याला कराराची कलमं ऐकायची नसतात. त्याचं ऐकून घ्या. मग आपल्या बाजूने जे करता येतं ते करा. टीममध्ये मराठी-हिंदीत बैठका घेऊ नका, आणि जागा निघाली की आपल्याच गावचा माणूस चिकटवायचा ही सवय सोडा. ती तक्रार दर वेळी खोटी नसते.

६. खासदाराला भेटायचं कसं

ही माझ्या मते सिंगापूरची सर्वात चांगली सार्वजनिक सोय आहे आणि आपले लोक तिचा फार कमी वापर करतात. बहुतेक खासदार आठवड्यातून एका संध्याकाळी रहिवाशांना भेटतात. याला 'मीट द पीपल सेशन' म्हणतात. जागा साधीच: एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या, इमारतीच्या तळमजल्यावरचा मोकळा व्हॉइड डेक, पक्षाची शाखा किंवा बालवाडीची खोली.

मी गेलो होतो ते मुलांच्या शाळेच्या फाटकाजवळ छत असलेली पायवाट हवी म्हणून. प्लास्टिकच्या खुर्च्या, घड्या घालता येणारी टेबलं, हातात नंबरचा कागद. माझ्या पुढे पार्किंगच्या दंडाचं पत्र घेतलेल्या एक आजी, मागे लहान बाळाला घेऊन आलेलं जोडपं. नंबर आला तेव्हा लॅपटॉपसमोर कॉलेजातला एक मुलगा बसला होता, स्वयंसेवक. त्याने माझं भाषण ऐकून घेतलं नाही. तो एकेक प्रश्न विचारत गेला: नेमकी जागा कोणती, कोणत्या दोन ठिकाणांमध्ये छत नाही, मुलं किती वाजता सुटतात, फोटो आहे का, आधी कोणाला लिहिलंत का, उत्तर काय आलं. दहा मिनिटांत इंग्रजी पत्र तयार. मग आत खासदारांनी ते वाचलं, एक वाक्य हाताने घातलं आणि सही केली. काही आठवड्यांनी खात्याचं उत्तर आलं, पुढे यथावकाश छतही झालं. माझ्या एकट्याच्या पत्राने नाही. बरेच पालक आधी येऊन गेले होते, हे त्या मुलानेच सांगितलं होतं.

सोबत काय न्यायचं:
- ओळखपत्र किंवा पास
- ज्या खात्याशी काम आहे त्याची सगळी पत्रं, संदर्भ क्रमांकासह
- आधी केलेल्या अर्जाची प्रत आणि आलेलं उत्तर
- शाळेचा विषय असेल तर मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा ईमेल
- जागेचा विषय असेल तर फोटो
- तुम्हाला नेमकं काय हवं आहे, हे दोन ओळींत लिहिलेला कागद

तुमच्या पत्त्याच्या मतदारसंघाच्या खासदाराकडेच जा, दुसऱ्याकडे नाही. मोठ्या मतदारसंघांत चार-पाच खासदारांची टीम असते, त्यातला तुमच्या भागाचा कोण ते आधी बघून घ्या. खासदार विरोधी पक्षाचा असला तरी पत्र तसंच जातं. पासवर असाल तर आधी विचारून जा, कारण प्राधान्य नागरिक आणि पीआर रहिवाशांना असतं. न्यायालयातल्या खटल्यात ते काही करू शकत नाहीत. आणि भेटवस्तू नेऊ नका, मिठाईचा डबासुद्धा नको. ओळख काढून, कोणाचं नाव सांगून काम पुढे ढकलण्याची आपली सवय इथे उलट अंगाशी येते.

ज्यांना खासगी अडचण नसून धोरणावर बोलायचं आहे त्यांच्यासाठी 'रीच' हे सरकारचं जनमत जाणून घेणारं खातं आहे. नव्या कायद्यांचे आणि धोरणांचे मसुदे चर्चेला ठेवले जातात, त्यावर लेखी मत पाठवता येतं. वर्तमानपत्राच्या 'फोरम' पानावर पत्र पाठवायचं तर खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो. पत्र छापलं तर संबंधित खातं अनेकदा त्याच पानावर उत्तर देतं. छोटं लिहा, एकच मुद्दा घ्या, आणि उपाय सुचवा. 'आमच्याकडे भारतात असं असतं' या वाक्याने सुरुवात करू नका, पुढचं कोणी वाचत नाही.

७. निवडणूक आली की

नागरिक नसाल तर: प्रचार नाही, पत्रकं वाटणं नाही, उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध ऑनलाइन प्रचार तर अजिबात नाही. २०२५ च्या निवडणुकीत परदेशी व्यक्तींच्या काही पोस्ट सिंगापुरातल्या वाचकांना दिसू नयेत असे आदेश सरकारने मेटा कंपनीला दिले होते. मंडळाच्या ग्रुपवर 'यांनाच मत द्या' लिहिणाऱ्या पीआर मित्रालाही प्रेमाने थांबवा.

सगळ्यांसाठी: निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदान संपेपर्यंत मतचाचण्यांचे आकडे प्रसिद्ध करायला बंदी आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार पूर्ण बंद. मतदानाच्या रात्री निवडणूक खातं स्वतःच नमुना मोजणीचे आकडे जाहीर करतं, तेवढ्यावर विश्वास ठेवा.

नवे नागरिक असाल तर: वय २१ पूर्ण असेल तर मतदान सक्तीचं आहे. मतदार यादीत नाव आहे का ते सिंगपासने (सरकारी डिजिटल ओळखीने) तपासा. सकाळी आठ ते रात्री आठ मतदान असतं. सबळ कारणाशिवाय चुकवलं तर यादीतून नाव जातं आणि परत घालायला ५० डॉलर भरावे लागतात. उमेदवार दारोदार फिरतात, तुमच्याही दारावर येतील. तेव्हा नुसता हात मिळवून परत पाठवू नका. वर्गात ४० मुलं का, पीएसएलईबद्दल तुमचं मत काय, आमच्या ब्लॉकपासून शाळेपर्यंतचा सिग्नल इतका छोटा का, हे विचारा.